बैठकीतले स्पीकर : आधी दोरी, मग खिळा

बियाणे, खते आणि फवारणी यांच्या पानावर आज स्पीकर कुठून उगवले, असे तुम्हांला वाटेल. पण सुगी आटोपून चार पैसे हातात आले की हल्ली घरोघर पहिली खरेदी होते ती भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीची आणि त्याच्या पाठोपाठ स्पीकरच्या खोक्याची. खोक्यातून पाच लहान डबे आणि एक मोठा डबा निघतो. पोरे उत्साहाने कामाला लागतात. जिथे आधीचा खिळा असेल तिथे एक डबा टांगला जातो, दुसरा शोकेसमध्ये कपबशांच्या शेजारी बसतो, तिसरा देव्हाऱ्यावर, आणि उरलेले दोन पार स्लॅबला चिकटवून कोपऱ्यात. पहिल्या रात्री सगळे खूश असतात. आठवड्याने आजी विचारते, "अरे, हा माणूस बोलतोय काय?" आवाज वाढवला की छातीत धडधडते, कमी केला की बोलणे कळत नाही. मग तो मोठा डबा सतरंजीखाली झाकून ठेवला जातो आणि त्याच्यावर धुतलेल्या कपड्यांची घडी येते.

वस्तू वाईट नसते. लावणी चुकलेली असते. आणि लावणीचे काम म्हटले की ते आपल्या शेतकऱ्यांच्या हातातलेच आहे.

उदाहरणासाठी मी पाली गाव घेतो. हे अष्टविनायकाचे पाली नव्हे. भाईंदरहून पश्चिमेला समुद्राकडे गेले की उत्तनच्या शेजारी जे पाली लागते, ते. मीरा-भाईंदरची महानगरपालिका २००२ साली झाली आणि पाली तिच्या हद्दीत आहे, पण किनाऱ्यावर उतरलात तर होड्या, जाळी आणि सुकत घातलेली मासळी पाहून तुम्ही शहरात आहात असे वाटणार नाही. हे गाव घेण्याचे कारण असे की स्पीकरवाल्याच्या सगळ्या अडचणी तिथे एका छपराखाली भेटतात. खोली लहान, घराला घर लागून, खाली लादी, वर स्लॅब, बाहेर खारा वारा आणि घरात होडीच्या इंजिनाजवळ उमेद घालवलेली माणसे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा सगळे घर एका बैठकीत जमते. देशावरच्या वाचकांनी होडीच्या जागी ट्रॅक्टर धरावा, बाकी हिशेब तोच.

आधी हे पाच-सहा डबे कशासाठी ते समजून घेऊ. १९३१ साली अ‍ॅलन ब्लूमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरच्या मनात आले की सिनेमात माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालतो, पण त्याचा आवाज एकाच जागेवरून येतो, हे काही खरे नाही. त्याने दोन कानांसाठी दोन वाटांनी आवाज देण्याची युक्ती काढली आणि तिचे पेटंट घेतले. आपल्याकडे १९७५ साली 'शोले' आला तो सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर आणि अशाच अनेक वाटांच्या आवाजासह. मुंबईच्या मिनर्व्हाला जाऊन आलेली मंडळी त्या आवाजाचे वर्णन अजून करतात. पुढे आजची 'पाच पॉइंट एक' मांडणी सिनेमाघरांत आली. पाच म्हणजे समोर डावा, समोर उजवा, मधला आणि बाजूचे दोन. पॉइंट एक म्हणजे फक्त खर्जाचा मोठा डबा, ज्याला सगळे वूफर म्हणतात. शेवटी आणखी एक आकडा असेल, उदाहरणार्थ पाच पॉइंट एक पॉइंट दोन, तर ते दोन डोक्यावरून येणाऱ्या आवाजाचे. लहान बैठकीत त्यांच्या नादी लागू नये असे माझे मत आहे.

जाता जाता एक गंमत. मिरवणुकीतल्या डब्यांच्या भिंतीला आपण 'डॉल्बी' म्हणतो. रे डॉल्बी हा गृहस्थ १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा सल्लागार म्हणून आपल्याच देशात काम करीत होता. १९६५ मध्ये लंडनला त्याने कंपनी काढली आणि पहिले यंत्र बनवले ते टेपवरची खरखर कमी करण्याचे! गोंगाट घटवणाऱ्याचे नाव आपण कशाला दिले ते पाहा.

असो. आता कानांकडे वळतो, कारण सगळा खर्च शेवटी त्यांच्यासाठी आहे.

वर्षानुवर्षे उघड्या ट्रॅक्टरवर, मळणीयंत्राजवळ किंवा होडीच्या डिझेल इंजिनापाशी काम केलेल्या माणसाचा कान एकदम बंद होत नाही. आधी जातात ते बारीक, उंच स्वर, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. आता भाषेत या उंच स्वरांत काय असते? स, श, फ, थ, क यांसारखी व्यंजने. 'आ', 'ओ' हे स्वर जाड असतात, ते शाबूत राहतात. म्हणून असा माणूस म्हणतो, "ऐकू येते, पण कळत नाही." घरच्यांना वाटते म्हाताऱ्याचे लक्ष नाही. लक्ष असते हो, पण 'सात' आणि 'हात' यांतला फरकच त्याच्यापर्यंत पोचत नाही. अशा वेळी आपण काय करतो? आवाज वाढवतो. त्याबरोबर खर्जही वाढतो आणि तो घुमणारा खर्ज उरलीसुरली व्यंजने झाकून टाकतो, जसे उंच वाढलेल्या तणाखाली रोप झाकले जाते. शेजारच्या नातवाचे कान मात्र चांगले असतात आणि तो सगळा मारा त्यांच्यावर होतो. तज्ज्ञांचा ठोकताळा असा आहे की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांहून जास्त राहू नये, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तुम्ही ८५ च्या आसपास पोचलात असे समजा.

म्हणून पाच डब्यांत घरासाठी सर्वांत मोलाचा डबा मागचा नव्हे, मधला. सिनेमात आणि मालिकेत बहुतेक बोलणे या एकाच डब्यातून येते. तो टीव्हीच्या बरोबर खाली, कपाटाच्या पुढच्या कडेला आणून ठेवा. खणात आत ढकलला की आवाज डब्यातल्या डब्यात घुमतो. कपाट बुटके असेल तर पुढच्या बाजूखाली लाकडाची बारीक पाचर देऊन त्याचे तोंड किंचित वर, ऐकणाऱ्याच्या कानाकडे करा. मग रिमोटमधून मधल्या डब्याचा आवाज दोन-तीन डेसिबल वाढवा आणि वूफरचा तेवढाच उतरवा. पुष्कळ घरांत एवढ्याने आजीचा प्रश्न मिटतो. न मिटला तर सरकारी रुग्णालयात कानाची तपासणी करून घ्या. स्पीकर हे कानाचे यंत्र नव्हे.

आता लावणी. त्यासाठी एक बारीक सुतळी, मोजपट्टी आणि खडू एवढेच हवे. समजा, खोली १० फूट रुंद आणि १२ फूट लांब आहे आणि टीव्ही १० फुटी भिंतीवर आहे. आंबा-चिकूची षट्कोनी लागवड ज्यांनी केली आहे त्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही. त्या पद्धतीत तीन शेजारी झाडे समभुज त्रिकोणाच्या तीन टोकांवर येतात आणि चौरस पद्धतीपेक्षा सुमारे १५ टक्के झाडे जास्त बसतात. समोरचे दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचाही तोच त्रिकोण. २१ फुटांची सुतळी घ्या, ७ आणि १४ फुटांवर गाठी मारा, दोन्ही टोके एकत्र बांधा. आता दोन मुलांना टीव्हीच्या भिंतीपासून फूटभर पुढे, टीव्हीच्या दोन अंगांना उभे करा. एकाच्या हातात एक गाठ, दुसऱ्याच्या हातात दुसरी, आणि दोघांत सुतळी ताठ. तिसरी गाठ तुम्ही मागे ओढा. तिन्ही बाजू ताठ झाल्या की मुलांच्या पायाशी समोरचे दोन स्पीकर आणि तुमच्या पायाशी ऐकण्याची मुख्य जागा. खडूने खुणा करा. स्पीकरपासून बाजूच्या भिंती दीड-दीड फूट राहतील, ते योग्यच आहे; भिंतीला चिकटलेला स्पीकर घुमतो. तुम्ही टीव्हीच्या भिंतीपासून सुमारे ७ फुटांवर असाल आणि पाठीमागे ५ फूट उरतील. खोली लहान असेल तर सुतळी १८ फुटांची घ्या. त्रिकोण लहान होतो, कोन बदलत नाही.

या खुणेवर कोण बसावे? घरातला कर्ता पुरुष, असे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ज्याला कमी ऐकू येते त्याला ती जागा द्या.

उंचीची गोष्ट विलायती पुस्तकांत चुकते, कारण तिकडे सगळे खुर्चीवर बसतात. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतो, चटईवर मांडी घातली तर अडीच फुटांवर. आपल्या घरात पाहुणे वर आणि घरची माणसे खाली. तेव्हा समोरचे स्पीकर तीन फुटांवर ठेवून तोंडे जराशी आत, मधल्या खुणेकडे वळवली तर दोन्हीकडे चालते.

बाजूचे दोन स्पीकर लावताना सर्वाधिक घोटाळा होतो. लोक त्यांना 'मागचे' म्हणतात आणि मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात नेऊन टांगतात. प्रमाणित मांडणीत ते पाठीमागे नसतात. ऐकणाऱ्याने दोन्ही हात आडवे पसरले तर हातांच्या रेषेच्या थोडे मागे असतात. टीव्हीपासून मोजले तर सुमारे ११० अंश. आपल्या १० फुटी खोलीत खुणेपासून बाजूची भिंत ५ फुटांवर आहे. हातांच्या रेषेपासून त्या भिंतीवर पावणेदोन-दोन फूट मागे सरका, तिथे खडूची खूण करा. शून्य ते तीन फुटांपर्यंत कुठेही बसले तरी बिघडत नाही. उंची कानाच्या दोन फूट वर, म्हणजे साडेचार ते साडेपाच फूट. याला कारण आहे. आवाजाची एक खोड अशी की जो स्पीकर जवळ, त्याचाच आवाज कानात आधी शिरतो आणि सगळा आवाज तिकडूनच येतो असे मन ठरवते. कडेला बसलेल्या मुलाच्या कानाशी स्पीकर असेल तर त्याला पाऊस, गाडी, कुत्रा एवढेच ऐकू येईल, कथा नाही. तुषार सिंचनात नोझलच्या बुडाशी चिखल आणि टोकाला कोरडे, तसे होते. स्पीकर वर चढवला की मधला आणि कडेचा यांच्या अंतरातली तफावत कमी होते.

सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल आणि हलवणे शक्य नसेल (पालीसारख्या घरांत बहुधा तसेच असते), तर बाजूचे स्पीकर बाजूच्याच भिंतींवर, सोफ्याच्या रेषेत किंवा वीतभर पुढे लावा. पण जमल्यास सोफा फूटभर तरी पुढे घ्या. भिंतीला टेकलेल्या डोक्याला खर्ज फार लागतो.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीज दिसल्यावर तीन सेकंदांनी गडगडाट ऐकू आला तर ती एक किलोमीटरवर पडली, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच हिशेबाने प्रत्येक फुटाला एक हजारांश सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर भरायची सोय असते ती यासाठी, सगळे आवाज एकाच वेळी पोचावेत म्हणून. ती जागा रिकामी सोडू नका, पट्टीने मोजून भरा.

वूफर कुठे ठेवायचा हे कागदावर ठरत नाही. १२ फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा खर्ज आपोआप साचतो, डग्गा घुमावा तसा. काही जागी तो दुप्पट, काही जागी जवळजवळ नाहीसा. यासाठी जुनी युक्ती आहे. वूफर उचलून मुख्य खुणेवर, म्हणजे आजीच्या जागी ठेवा. पखवाजाचे किंवा ढोलकीचे एखादे ध्वनिमुद्रण लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत खोलीला फेरी घाला. ज्या जागी खर्ज स्वच्छ, एकेक थाप वेगळी ऐकू येईल, तिथे वूफर ठेवायचा. पोरे हसतील, हसू द्या. कोपऱ्यात ठेवला तर आवाज सर्वांत जास्त येतो, सर्वांत चांगला येतोच असे नाही, आणि मांडणीवरची स्टीलची भांडी किणकिणू लागतात ती वेगळीच. पत्र्याचे छप्पर असेल तर तेही साथीला येते.

खोलीचा दोष स्पीकरवर ढकलू नये. जुन्या घरात सारवलेली जमीन, मातीच्या भिंती, वर कौले. आवाज तिथे बराचसा जिरत असे. आता खाली गुळगुळीत लादी, चहूकडे सिमेंट, वर स्लॅब. आवाज चेंडूसारखा आपटत राहतो. विजापूरच्या गोलघुमटात टाळी कितीतरी वेळा परत येते, ते पाहायला आपण तिकीट काढून जातो, पण बातम्या ऐकायला ती जागा कुणी निवडणार नाही. खोलीच्या मध्यावर उभे राहून एकच जोरदार टाळी वाजवा. टाळीपाठोपाठ 'टर्र' असा शेपटासारखा आवाज आला तर उपाय करा. दाराखिडक्यांना जाड पडदे, खाली सतरंजी, आणि बाजूच्या भिंतीवर, जिथे समोरच्या स्पीकरचा आवाज आपटतो तिथे एक जाडजूड गोधडी. गोधडी भिंतीला चिकटवू नका, लाकडी पट्टीवर तीन-चार बोटे पुढे टांगा, म्हणजे जास्त काम करते. आजीने शिवलेली रंगीत असेल तर शोभाही येते. उघडे दार सर्वांत उत्तम, गेलेला आवाज परतच येत नाही. मात्र तो शेजाऱ्याकडे गेलेला असतो. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची टूम निघाली आहे. त्याने फारसे काही होत नाही, झुरळांची सोय मात्र होते.

खरेदीबद्दल थोडक्यात. खोक्यावर हजारो वॉट छापलेले असतात आणि शेजारी 'पीएमपीओ' अशी अक्षरे. तो आकडा विसरून जा, 'आरएमएस' विचारा. एवढ्या खोलीला प्रत्येक स्पीकरमागे २०-३० खरे वॉट पुष्कळ होतात. आवाज फक्त तीन डेसिबल वाढवायला वॉट दुप्पट लागतात, म्हणून मोठ्या आकड्यामागे धावण्यात अर्थ नाही. स्पीकरच्या मागे ओहमचा आकडा असतो, चार, सहा किंवा आठ. अ‍ॅम्प्लिफायरवर लिहिलेल्या किमान आकड्यापेक्षा तो कमी नसावा, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर तापतो. पडद्याची कड रबराची घ्या, फोमची दमट हवेत काही वर्षांत झडते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा की तालुक्याला, दुकानदार धडाकेबाज मारामारी लावून दाखवील. तुम्ही त्याला बातम्या लावायला सांगा. निवेदकाचा 'स' आणि 'श' वेगळा ऐकू आला पाहिजे. दोन जोड्या ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा; मोठा वाजणारा नेहमी बरा वाटतो. पैसे मोजके असतील तर पाच हलक्या डब्यांपेक्षा समोरचे तीन चांगले घ्या, बाजूचे पुढच्या सुगीला. जागाच नसेल तर टीव्हीखालची लांब पट्टी, साउंडबार, तिला कमी लेखू नका. बिनतारी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पीकरलाही बहुधा विजेचा प्लग लागतोच, हे आधी विचारा.

जोडणी करताना लाल ते लाल, काळे ते काळे. एकाच स्पीकरची तार उलटी पडली तर खर्ज जातो आणि बोलणे पोकळ, हवेत तरंगल्यासारखे वाटते. शंका असेल तर तार अ‍ॅम्प्लिफायरकडून सोडवा आणि टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलचा अधिक टोक लाल तारेला, उणे काळ्याला क्षणभर लावा. स्पीकरचा पडदा पुढे उसळला तर जोडणी बरोबर. तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची तार पुरते. किनाऱ्यावर खारी हवा तांब्याला हिरवे करते, तेव्हा पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तारेचे अर्धा इंच टोक कापून नवे सोला, घट्ट कसा आणि वरून ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावतो तसे व्हॅसलिनचे बोट फिरवा. वूफरच्या भोकाला जाळी बसवा, उंदराला ते बिळासारखेच दिसते. भिंतीत गिट्टी ठोकून स्क्रूवर लावा, नुसत्या खिळ्यावर स्पीकर थरथरतो. साध्या इन्व्हर्टरवर घुंऽऽ असा आवाज येत असेल तर तो स्पीकरचा दोष नाही. आणि वळवाचे ढग दिसले की प्लग व केबल दोन्ही काढून ठेवा, नुसते बटण बंद करून भागत नाही.

राहिला शेजारी. गोधडी आणि पडदे खोलीतला प्रतिध्वनी मारतात, पण भिंतीपलीकडे जाणारा खर्ज ते अडवत नाहीत. पालीसारख्या लागून असलेल्या घरांत वूफर सामाईक भिंतीपासून दूर, चार घड्यांच्या पोत्यावर किंवा जाड रबरावर ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खाजगी घरातल्या यंत्राचा आवाज हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. पहाटे होडीवर किंवा दारे धरायला जाणारा माणूस नऊ वाजताच झोपतो, हे नियमात नाही, पण तुम्हांला ठाऊक आहे. रिमोटवर 'नाइट' नावाचे एक बटण असते. ते दाबले की मोठे धमाके दबतात आणि हळू बोलणे वर येते. रात्री जेवणानंतर तेच दाबून ठेवा. आजीला बोलणे त्या वेळीच सर्वांत चांगले कळते.